योसेफाला वाक्य नाही

मराठी ख्रिस्ती मंडळीत पाळक बदलतात, कमिट्या बदलतात, चर्चच्या भिंतींचा रंग बदलतो. नाताळचं नाटक बसवणारा माणूस मात्र वर्षानुवर्षं तोच असतो. नगरला आमच्या वेळी हे खातं सरांकडे होतं. एरवी ते मिशनच्या शाळेत मराठी आणि नाटक शिकवायचे. नाटक वेळापत्रकात नव्हतं, तरी शिकवायचे. नोव्हेंबर लागला की शाळेतली पोरं आणि चर्चमधले बाप्ये, दोघंही त्यांना लांबून बघून गल्ली बदलायचे, कारण सर दिसेल त्याला मेंढपाळ करत.

त्यांची अडचण अशी की नाटकावर जीव आणि शास्त्रावर श्रद्धा, आणि नाताळच्या नाटकात या दोघांचं पटत नाही. सराईचा मालक शास्त्रात नाहीच. उतारशाळेत जागा नव्हती, एवढंच लूक सांगतो. दार उघडून खेकसणारा तो इसम मागाहून लोकांनी घातलेला. सरांनी त्याला काढून टाकला आणि विंगेत फळीवर फळी आपटून नुसतं दार लावलं. मागी किती होते हे मत्तय सांगत नाही. नजराणे तीन म्हणून माणसं तीन. शिवाय ते गोठ्यात नाही, घरात आले. म्हणून आमच्या नाटकात मागी आले की आधी पडदा पडायचा, गोठा आवरायचा, घर लागायचं, आणि तोवर प्रेक्षकांनी दोन गीतं म्हणायची.

खरा घोळ योसेफाचा. चारही शुभवर्तमानांत योसेफाच्या तोंडी एक वाक्य नाही. सर शास्त्राला एक अक्षर जोडायला तयार नव्हते. त्यामुळे वर्गात ज्याची बडबड जास्त त्याला योसेफ, असा रिवाज पडला. मीही होतो. तालमीत सर सांगायचे, ‘‘तू गप्प नाहीस, तू ऐकतोयस. फरक शेवटच्या बाकाला दिसला पाहिजे.’’ एका वर्षीच्या योसेफाला हे झेपलं नाही. मागी दारात आले, आणि नगरच्या चांगल्या घरात वाढलेलं ते पोर म्हणालं, ‘‘या, या. बसा ना.’’ हॉल हसून कोसळला. विंगेतून सरांचा आवाज आला, ‘‘मत्तयानं लिहिलेलं नाही ते!’’ पुढच्या वर्षीपासून योसेफाला हातानं ‘बसा’ अशी खूण करायची परवानगी मिळाली. तोंड उघडायची नाही.

सर शिव्या देत नसत. त्यांची गरज पवित्र शास्त्रातच भागायची. शब्द खाणाऱ्याला, ‘‘बलामाची गाढवी तुझ्यापेक्षा स्पष्ट बोलली रे!’’ एंट्री चुकवणाऱ्याला, ‘‘लाजर चार दिवस कबरेत होता, तोसुद्धा पहिल्या हाकेला बाहेर आला.’’ उगीच लांबण लावणाऱ्याला, ‘‘हा पॉज आहे की मथुशलहाचं वय? तो ९६९ वर्षं जगला, आपल्याकडे हॉल नऊपर्यंतच आहे.’’

शाळेतल्या नाटकात नट सगळ्या जातिधर्मांचे. एकदा गब्रीएल देवदूताचं काम एका मुसलमान मुलाला दिलं. तो म्हणाला, ‘‘सर, हे आमच्याकडेपण आहेत. जिब्रील.’’ सर इतके खूश झाले की त्याचे पंख घरी नेऊन स्वतः इस्त्री केले. गव्हाणीत खरा कडबा, आणि शेजारी धनगराकडून आणलेलं खरं कोकरू. त्यानं पहिल्या अंकातच बाळाच्या अंगाखालचा कडबा ओढून खायला सुरुवात केली. मरिया घाबरून विंगेकडे बघू लागली. सर शांतपणे म्हणाले, ‘‘खाऊ दे. गव्हाण त्याचीच आहे, पाहुणे आपण.’’

मात्र सरांचं नाव गाजलं ते ‘एकच प्याला’मुळे. स्नेहसंमेलनात त्यातला एक प्रवेश करायचं त्यांनी ठरवलं आणि चर्चची कमिटी हादरली. स्टेजवर प्याला? सरांचा युक्तिवाद तयार होता. नाटक दारूच्या विरोधात आहे. शिवाय १९१९ साल बघा: जानेवारीत नाटककार गडकरी गेले, फेब्रुवारीत ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलं, मे महिन्यात रेव्हरंड टिळक गेले. ही तारखांची मांडणी माणसाची नव्हे, असं सरांचं मत. टिळकांनी ओवी, अभंग, कीर्तन सगळं प्रभूच्या कामाला लावलं, मग नाटकानंच काय घोडं मारलंय? कमिटीनं मान डोलावली. नगरमध्ये टिळकांचं नाव घेतल्यावर दुसरं काही करता येत नाही.

पण नाटकातल्या दारुड्या सुधाकरला पिऊन चालायला शिकवणार कोण? सरांना द्राक्षरस ठाऊक होता तो प्रभुभोजनाचा. तेव्हा ते संध्याकाळी एस. टी. स्टँडजवळच्या देशी दारूच्या दुकानासमोर वही घेऊन उभे राहू लागले. मंडळीत बातमी पोचायला कितीसा वेळ लागतो? त्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत एका भगिनीनं डोळे मिटून ‘आपल्यातल्या एका बंधूसाठी, जो सध्या मोहाच्या दाराशी उभा आहे’ अशी लांबलचक प्रार्थना केली. बंधू कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं, बंधू सोडून. सर्वांत मोठ्यानं ‘आमेन’ सर म्हणाले.

उलगडा झाला तेव्हा ते जराही रागावले नाहीत. ‘‘प्रार्थना वाया जात नाही. सुधाकरच्या खात्यात जमा करा.’’ वहीतला निष्कर्ष त्यांनी आम्हाला वाचून दाखवला: पिणारा झोकांड्या खायला बघत नाही, तो सरळ चालायचा आटापिटा करतो. मग प्याल्यात बिनसाखरेचा काळा चहा ओतून त्यांनी ते चालून दाखवलं. तेवढा वेळ शिपाईसुद्धा घंटा द्यायची विसरला.

एक भूमिका मात्र सर कुणाला देत नसत: हेरोदाची. लेकरं मारायचा हुकूम लेकराच्या तोंडी नको, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. पण सरांना ती भूमिका भयंकर आवडायची, हेही तितकंच खरं. क्रेपची दाढी, पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर सोलापुरी चादर. एंट्रीआधी तसेच मुकुटासकट विंगेत गुडघे टेकून प्रार्थना करायचे, उठायचे, आणि स्टेजवर असे गरजायचे की पुढच्या रांगेतली पोरं भोकाड पसरत. काही म्हाताऱ्या नंतर दोन रविवार त्यांना ‘सलाम’ करत नसत. नव्यानं आलेल्या पाळकसाहेबांनी एकदा भीत भीत विचारलं, की रविवारी शास्त्रवाचन करणाऱ्यानं हे काम करावं का? सर म्हणाले, ‘‘पाळकसाहेब, हेरोद नसला तर पवित्र कुटुंबानं मिसरात जायचं कशाला? हवापालटाला?’’

सर गेले ते जूनमध्ये, तालमींचा मोसम नसताना. अंत्यविधीचा कागद लिहून ठेवला होता. गीतं दोन, दोन्ही टिळकांची, सगळी कडवी म्हणायची. माझ्याविषयी भाषण तीन मिनिटं, त्यापुढे प्रॉम्प्टरनं टाळी वाजवावी. प्रॉम्प्टर म्हणून जुन्या विद्यार्थ्याचं नाव होतं. टाळी वाजवायची हिंमत त्याला झाली नाही; भाषण वीस मिनिटं चाललं.

त्या नाताळात मेंढपाळ, मागी, बोलका योसेफ सगळे मिळाले, हेरोद मिळेना. जो तो म्हणे, सरांनंतर आपण नाही. अखेर पाळकसाहेबांनीच मुकुट घातला. विंगेत गुडघे टेकले, तिथपर्यंत सगळं ठीक. पण स्टेजवर आवाज तिसऱ्या रांगेपलीकडे गेला नाही आणि एकही पोर रडलं नाही. एकीच्या कडेवरच्या बाळानं तर ओळखीचा माणूस बघून हात हलवला, आणि हेरोदानं सवयीप्रमाणे त्याला आशीर्वाद दिला.