पालकांची तिसरी इयत्ता

जून उजाडला, शाळा भरल्या आणि पालकांचं नवं शैक्षणिक वर्ष सुरू झालं. केंद्राचं २०२० चं दप्तर धोरण सांगतं की दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. पाच दिवसांत वाटले तर रोज २४ मिनिटं. शाळा हा नियम पाळत नाहीत असं वरचेवर ऐकू येतं, पण हा आरोप अन्यायाचा आहे. मर्यादा आहे ती मुलांच्या तासांवर. पालकांच्या तासांबद्दल धोरण अवाक्षर काढत नाही आणि शाळांनी नेमकी हीच पळवाट हेरली आहे. ‘पुठ्ठ्याचं धरण करून आणा’ असा निरोप रात्री नऊ वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, तो वाचता न येणाऱ्या फोनविरहित मुलासाठी नसतोच. मूल २४ मिनिटांच्या आत झोपी जातं. धरणाचे दरवाजे बाबा बसवतात आणि पाणी निळ्या जिलेटीन कागदाचं असावं की रंगाचं, यावर आई मध्यरात्रीपर्यंत विचार करते.

हा कारभार निव्वळ हौसेचा असता तर बिघडलं नसतं. पण आपल्याकडच्या आकारिक मूल्यमापनात प्रकल्प आणि उपक्रमही मोजले जातात. म्हणजे धरण बाबांचं, श्रेणी चिरंजीवांची. शिक्षण हक्क कायद्याने पाचवीपर्यंत वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलं आहे, रोजचे चार तास. एवढ्या वेळात न उमगलेलं घरी कोणी तरी समजावून देईल, या भरवशावर उरलेली शाळा चालते. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जास्त जड असतं, हे यशपाल समितीने १९९३ मध्येच सांगितलं होतं. आपण मात्र वजनाच्याच मागे लागलो. वह्यांचा भार कमी व्हावा म्हणून बालभारतीच्या पुस्तकांत कोरी पानं घातली. पुस्तकं जाड झाली, वह्या होत्या तिथेच राहिल्या आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घ्यावा लागला. न समजण्याचं ओझं तेवढं रोज संध्याकाळी बिनबोभाट घरपोच होत राहिलं.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं आहे: गृहपाठाने अभ्यासाची सवय लागते. लागते खरी, पण कोणाला? गृहपाठावरच्या संशोधनाचा हॅरिस कूपर यांनी २००६ मध्ये घेतलेला आढावा सांगतो की त्याचा गुणांशी संबंध वरच्या वर्गांत दिसतो, प्राथमिक वर्गांत तो फार क्षीण असतो. पाढे म्हणणं, धडा मोठ्याने वाचणं हा सराव हवाच. त्याला कार्डशीट लागत नाही की रंगीत प्रिंट. दुसरं उत्तर असं की गृहपाठ कमी दिला तर पालकच तक्रार करतात, ‘पलीकडच्या शाळेत बघा किती देतात!’ हे मात्र खरं आहे. भरलेली वही ही फीची पावती वाटते आणि ती स्वतःच्याच अक्षरात भरावी लागली तरी पालकांना समाधान मिळतं. शिक्षकांनाही एकट्यांना दोष देता येत नाही. सर्वेक्षणं, निवडणुका आणि ऑनलाइन माहिती भरण्यातून वेळ उरला, तरच त्यांना शिकवता येतं.

तिसरा आक्षेप सर्वांत सुसंस्कृत आहे: मुलांच्या शिक्षणात पालकांचा सहभाग नको का? हवा. पण ऊसतोडीला गेलेल्या किंवा पहाटेच धुण्याभांड्यांना बाहेर पडणाऱ्या आईचा सहभाग कोणत्या पुठ्ठ्यावर चिकटवायचा? ज्या कामाला शिकलेली, मोकळी आणि स्टेशनरीला पैसे असलेली माणसं लागतात, ते काम मुलाला तपासत नाही, घराला तपासतं. आणि घरांची परीक्षा घ्यायची असेल तर तिचा निकाल शाळा भरण्याआधीच लागलेला असतो. तेव्हा कसोटी सोपी असावी: जे मुलाला एकट्याने, काही विकत न आणता करता येईल तेवढंच घरी पाठवावं, बाकीचं त्या ८०० तासांत उरकावं. हे जमणार नसेल तर निदान प्रामाणिकपणा म्हणून प्रगतिपुस्तकात पालकांचा रकाना घालावा. आई: अ-१. बाबा: क-२, कातरकामात अधिक सरावाची गरज.