विहीर आणि भूजलीय संचयस्थान

आपले म्हणणे सामान्य माणसास समजणे हा विद्वानाच्या हातून घडणारा सर्वांत अक्षम्य प्रमाद होय, अशी विद्यापीठीय जगताची दृढ श्रद्धा असल्यामुळे, आमच्या एका प्राध्यापक स्नेह्यांनी परवा आपला प्रबंध आमच्यापुढे ठेवून, "हे वर्तमानपत्रात यावे, पण फारसे कोणास कळू नये, अशी काही तजवीज होईल काय?" असा सवाल केला, तेव्हा आम्हांस मुळीच आश्चर्य वाटले नाही. प्रबंध गावोगावच्या विहिरी उन्हाळ्यात का आटतात याविषयी होता म्हणे. 'म्हणे' अशासाठी की, पहिल्या चाळीस पृष्ठांत विहीर हा शब्दच कोठे आढळला नाही. तिच्या जागी 'भूजलीय संचयस्थान' नामक कोणी प्रतिष्ठित गृहस्थ विराजमान झाले होते. ज्या शेतकऱ्याच्या विहिरीत आपण वर्षभर दोर सोडून पाणी मोजलेत, त्याला उमगतील अशी तीनच वाक्ये लिहा, असे आम्ही विनविले. परंतु तीन वाक्यांस पदोन्नतीच्या तक्त्यात रकाना नाही आणि कुलसचिवांच्या कचेरीचा शेरा मिळेपर्यंत पावसाळा उलटेल, हे दुहेरी संकट त्यांनी निदर्शनास आणून दिले.

तथापि सारा दोष विद्वानांच्या माथी मारणे इन्साफाचे होणार नाही. प्रयोगशाळेतील बारा उंदरांस एखाद्या औषधाने किंचित आराम पडला की, आमचे वार्ताहर बंधू 'कर्करोगावर रामबाण उपाय' असा मथळा देऊन मोकळे होतात. उंदरांचा उल्लेख शेवटच्या ओळीत असतो आणि ती ओळ रात्री उशिरा आलेल्या जाहिरातीस जागा करून देण्यासाठी धारातीर्थी पडते.

या दोन पंथांच्या मधून वाट निघू शकते, याचा दाखला आमच्याच पुण्यात आहे. २००८ साली जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची कसोटी पाहिली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून, प्रत्येक ज्योतिषास चाळीस कुंडल्या दिल्या व कोणती कोणाची ते ओळखण्यास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांची उत्तरे आली. त्यांपैकी बरोबर निघाली सरासरी ४६ टक्के. हा निष्कर्ष 'करंट सायन्स'मध्ये रीतसर प्रसिद्ध झालाच. पण त्याचे मर्म समजण्यास ते नियतकालिक चाळावे लागत नाही, कारण नुसते नाणे उडविले असते तरी सरासरी ५० टक्के उत्तरे बरोबर आली असती, एवढे सांगितले की चावडीवरचा माणूसही हसतो आणि हसता हसता संख्याशास्त्र शिकतो.

हेच नारळीकर १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत उतरले, तेव्हा आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर दाब पडू नये म्हणून त्यांनी 'नारायण विनायक जगताप' हे नाव घेतले, आणि पारितोषिक मिळविले. न लिहिलेल्या निबंधावरही आपले नाव चढविण्यासाठी जेथे रांग लागते, तेथे लिहिलेल्या कथेवरून स्वतःचे नाव उतरविणारा हा गृहस्थ पदोन्नतीच्या तक्त्यात कोठे बसला असता, हे कुलसचिवांनाच ठाऊक!

म्हणून आमच्या स्नेह्यांस शेवटी एवढेच सांगितले: निष्कर्ष आधी सांगा, पद्धती मागाहून, जे सिद्ध झालेले नाही तेही स्पष्ट सांगा, वार्ताहराचा दूरध्वनी आला तर अंक छापून होण्यापूर्वी घ्या, आणि छापण्याआधी निदान आकडे तरी ताडून पाहण्याची विनंती करा. त्यांनी हे सारे वहीत टिपून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी तीन वाक्ये खरोखरच लिहून आणली. तिन्हींत विहीर होती. आम्ही ती तत्काळ संपादकांकडे धाडली. जागेअभावी ती पुढील आठवड्यावर गेली आहेत. राशिभविष्य मात्र नेहमीच्या जागी आहे.