एकच बनवा, छान बनवा

सुरुंग खोदणाऱ्यांना अनुदान देण्याची पद्धत 1739 साली नव्हती. त्या वर्षी मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून शिरगावचा किल्ला घेतला, तारापूर घेतलं आणि मे महिन्यात वसईच्या तटाखाली सुरुंग पेरले. तटाला भगदाड पडलं, माणसं आत धावली आणि एक सुरुंग नेमका तेव्हाच उडाला. आपलीच माणसं गेली. अशा वेळी काम तहकूब करून चौकशी समिती बसवायची असते, हे मराठ्यांचे सेनापती चिमाजी अप्पा यांना कुणी सांगितलेलं नसावं. त्यांनी वेढा तसाच नेटाने चालवला आणि वसई घेतली.

आता सगळं रीतसर चालतं. एप्रिल 2018 मध्ये संरक्षण मंत्रालयाची ‘आयडेक्स’ योजना आली. लष्कराने अडचण सांगायची, नवउद्योजकाने तोड काढायची आणि नमुना बनवायला सरकारने दीड कोटींपर्यंत अनुदान द्यायचं. ‘आयडेक्स प्राइम’मध्ये दहा कोटींपर्यंत, 2024च्या ‘अदिती’त पंचवीस कोटींपर्यंत. अर्जदाराने आपलाही वाटा घालायचा, एवढीच अट. त्या वाट्यासाठी बँक आहे, सासरे आहेत, बायकोचे दागिने आहेत.

आयडेक्सला 2021 मध्ये पाच वर्षांसाठी 498.8 कोटी मंजूर झाले, अदितीला तीन वर्षांसाठी 750 कोटी. दोन्हींची वर्षाची सरासरी साडेतीनशे कोटींच्या आसपास येते. 2025-26चं संरक्षण अंदाजपत्रक 6.81 लाख कोटींचं. दहा हजार रुपयांतले पाच रुपये! बोईसर स्टेशनबाहेर एवढ्यात वडापाव मिळत नाही, इथे मात्र आत्मनिर्भरता मिळणार आहे.

समजा, तारापूर एमआयडीसीतल्या एखाद्या कारखानदाराने लष्करासाठी घडीची तरंगती जेट्टी बनवली. खाऱ्या पाण्याला न गंजणारी, लाटांना पुरून उरणारी. शिरगावचा समुद्र दिवसातून दोनदा भरती आणून तिची फुकट परीक्षा घेतो. पण समुद्राच्या सहीला कार्यालयात किंमत नाही. चाचणी ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ तत्त्वावर होणार: माल, ट्रक, डिझेल, मजूर कारखानदाराचे, घेऊच असा शब्द मात्र कुणी देणार नाही. उन्हाळी चाचणी वाळवंटात आणि हिवाळी चाचणी लडाखमध्ये करण्याचा रिवाज आहे. पोखरणच्या वाळूत जेट्टी तरंगली नाही, असा शेरा पडला तर शेरा लिहिणाऱ्याला दोष देता येणार नाही. निरीक्षण अचूकच आहे.

थट्टा बाजूला ठेवली तरी खरा इतिहास फारसा गंभीर होत नाही. पायदळाला लढाईत नेणाऱ्या लष्कराच्या नव्या चिलखती वाहनासाठी 2010 मध्ये उद्योगांकडून प्रस्ताव मागवले. ‘मेक’ पद्धतीत नमुन्याचा बहुतेक खर्च सरकार उचलणार होतं. 2012 मध्ये प्रक्रिया रद्द झाली. 2016 मध्ये पुन्हा मागवले. जवान अजून बीएमपी-2 मध्येच बसतात, आणि ते सोव्हिएत आराखड्याचं वाहन त्यांच्यातल्या कित्येकांहून वयाने मोठं आहे.

उलट उदाहरणही आहे, आणि ते पुण्याचं आहे. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण प्रयोगशाळेने ‘पिनाक’ रॉकेट यंत्रणा उभी केली. 1986 मध्ये मंजुरी, साडेसव्वीस कोटींच्या आत खर्च आणि 1992ची मुदत. मुदत अर्थातच हुकली. 1999 मध्ये कारगिलला लढाई लागली, तेव्हा पिनाक रीतसर ताफ्यात दाखलही झालेलं नव्हतं. तरी ते डोंगरात नेलं गेलं आणि कामी आलं. पुढे आर्मेनियानेही विकत घेतलं. शत्रूने चाचणी घेतली की शेरे लवकर पडतात. मात्र दर खेपेला शत्रूवर विसंबणं बरं नाही.

नमुना बनवायला दिलेला पैसा वाया जातो, असं नाही. घोडं अडतं ते नमुन्यानंतर. फेब्रुवारी 2025 पर्यंत आयडेक्सचे 430 करार झाले होते. सरकारनेच सांगितलेला खरेदीचा आकडा 43 वस्तूंचा, किंमत 2,400 कोटींवर. बाकीच्यांतले काही नमुने अजून घडत असतील, काही फसले असतील, आणि फसण्याचा हक्क संशोधनाला असायलाच हवा. पण जो नमुना उत्तम निघाला, त्याच्या मालकाला कामगारांचा पगार दरमहा द्यावा लागतो. फाइलीला पगार नसतो, त्यामुळे ती निवांत फिरते.

आपला कारखानदार तोवर काय करतो? शेड भाड्याने देतो, जेट्टी ताडपत्रीखाली झाकून ठेवतो आणि पुढची जाहिरात निघाली की नव्या नमुन्याचा अर्ज भरतो. ‘पूर्वानुभव’ या रकान्यात तो जुन्या नमुन्याचं नाव लिहितो, आणि त्या नावामुळे त्याला गुणही बरे पडतात.