मॅगव्हील धुण्याचा पहिला धडा

शोरूममधून गाडी आली त्या दिवशी तिची मॅगव्हील्स देवघरातल्या ताम्हनासारखी चमकत होती. टायरखाली लिंबं ठेवून गाडी पुढे घेतली, नारळ फुटला, शेजारी पेढे गेले. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही सहकुटुंब महाबळेश्वर करून आलात, पसरणीचा घाट उतरून वाईला सासुरवाडीच्या दारात गाडी लावलीत आणि मेहुण्याने वाकून बघत विचारलं, "दाजी, पुढची दोन चाकं चुलीत घातली होती काय?"

हा धडा अशा दाजींसाठी आहे. लेखक सांगलीत राहतो, सासुरवाडी वाईची, आणि खाली ज्या चुका टाळायला सांगितल्या आहेत त्यातली प्रत्येक त्याने जातीने करून बघितलेली आहे.

आधी समजून घ्या की चाकांवरची ही काजळी म्हणजे धूळ नव्हे. धूळ असती तर चारी चाकांवर सारखी बसली असती. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे डिस्क ब्रेक असतो आणि मागे ड्रम. ड्रमची काजळी ड्रमच्या पोटात राहते, डिस्कची बाहेर उडते. शिवाय ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे येतो, त्यामुळे रोखायचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. जुन्या अँबॅसिडरला चारी चाकांना ड्रम होते, म्हणून आपल्या वडिलांना हा धडा वाचावा लागला नाही.

ब्रेक मारला की पॅड डिस्कला घासतो. डिस्क असते बिडाची. बीड म्हणजे काय हे किर्लोस्करवाडीच्या आसपासच्या माणसाला सांगायला नको. १९१० साली वसलेल्या त्या गावाने लोखंडी नांगर घरोघर पोचवले. तर या बिडाचा आणि पॅडचा बारीक भुगा तापलेल्या अवस्थेत उडतो आणि मॅगव्हीलवरच्या पारदर्शक लॅकरला चिकटून बसतो. त्यातले लोखंडाचे कण दवाने, पावसाने गंजतात आणि गंजता गंजता लॅकरमध्ये रुततात. महिन्याभराने चाकावर तपकिरी ठिपके दिसतात ते हेच. तेव्हा "राहू दे, दिवाळीला धुऊ" हे धोरण इथे चालत नाही.

आता कृती. घाटातून आल्या आल्या पाणी मारू नका. पाचगणीहून वाईला उतरताना साधारण ५५० मीटरची उतरंड आहे. माणसांसकट दीड टनाची गाडी ती उंची निव्वळ ब्रेकवर उतरवली, तर जी उष्णता तयार होते तिच्यावर २५ लिटर पाण्याला उकळी फुटेल. हवेचा अडथळा, इंजिनाची ओढ हे सगळं यातून वजा करा, तरी सासुरवाडीच्या न्हाणीघरातला बंब तापेल एवढी धग उरतेच. असल्या डिस्कवर थंडगार पाण्याची बादली ओतली की चर्र आवाज येतो, आणि डिस्क वाकडी व्हायची भीती असते. चहा घ्या. पोहे आले तर पोहे घ्या. तासाभराने चाकाला हात लावून बघा.

कोरड्या फडक्याने पुसायचा मोह आवरा. तो भुगा म्हणजे लोखंडाचा कीस आहे. कोरडा चोळलात तर लॅकरवर पॉलिश पेपर फिरवल्यासारखं होतं. पंक्चरवाल्याकडून हवा मारून उडवायची कल्पनाही नको, तो सगळा नाकात जातो. आधी भरपूर पाणी, वरून खाली.

साहित्य फार नाही. दोन बादल्या, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची, म्हणजे ब्रश साध्या पाण्यात खळबळून मग साबणात बुडवता येतो. गाडीचा शांपू. मऊ ब्रश. नटांच्या खाचांसाठी जुना टूथब्रश, तोही स्वतःचा. पुसायला मायक्रोफायबर, नाहीतर हक्काचा जुना बनियन. तारेची घासणी भांड्यांपाशीच राहू द्या.

साबणाने न निघणाऱ्या कणांसाठी दुकानात आयर्न रिमूव्हर मिळतो. तो फवारला की दोन-तीन मिनिटांत चाकावरून जांभळे ओघळ येऊ लागतात. घाबरू नका, औषध लोखंडाला लागू पडल्याची ती खूण आहे. वास मात्र नासक्या अंड्यांचा. केस काढायच्या क्रीममध्ये असतं त्याच कुळातलं हे रसायन, म्हणून वासाची ओळख पटेल. कशी पटली हे घरच्यांना सांगायची गरज नाही. हातमोजे घाला, सावलीत काम करा आणि औषध वाळायच्या आत धुऊन टाका.

जांभळ्याऐवजी लाल ओघळ आले तर प्रकरण वेगळं आहे. दसऱ्याला चाकांना हळदीकुंकू लागतं, आणि हळदीच्या बाबतीत सांगलीचा हात आखडता नसतो. इथल्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालं आहे. आमच्या सासूबाईंनी हळदीची पाच बोटं चाकावर ओढली होती. मी त्यावर कपड्याच्या साबणाचा फेस घातला आणि पिवळी बोटं डोळ्यांदेखत रक्तासारखी लाल झाली. हळदीला चुन्यासारखं काही क्षारयुक्त लागलं की ती लाल होते. कुंकूही पूर्वापार असंच होत आलं आहे. सासूबाईंना तो शुभशकुन वाटला. उरलेला पिवळा डाग चार दिवस गाडी उन्हात ठेवली की उडतो, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही.

आता ॲसिडचं. हे सांगताना लेखकाला खाली बघावं लागतं. फरशीवरचे सिमेंटचे डाग घालवायचं ॲसिड घरात उरलं होतं. टाकलं, आणि चाकावर बारीक बुडबुडे फसफसायला लागले. वाटलं, मळ सुटतोय. सुटत होतं ते ॲल्युमिनियम. फेस खाली बसला तेव्हा चाकाला कोड फुटल्यासारखे पांढरट चट्टे होते. ते आजही आहेत, आणि पाहुणे आले की मी गाडीची ती बाजू भिंतीकडे करून लावतो.

पाण्याचंही बघा. मिरज-वाळवा पट्ट्यात बोअरचं पाणी खारं असेल आणि ते चाकावरच वाळू दिलंत, तर काळ्याच्या जागी पांढरे ठिपके येतील. धुऊन झालं की लगेच पुसा. नळाचं पाणी मिळालं तर उत्तम. वाईत कुणी तरी सुचवेल की गाडी सरळ नदीवर घेऊ या. ऐकू नका. चाकं घाटात काळी झाली म्हणून ती घाटावर धुवायची नसतात. ढोल्या गणपतीसमोरून वाहणारी कृष्णा पुढे आमच्या सांगलीतच येते, तुमचं जांभळं पाणी आम्हाला नको.

धुऊन पुसून गाडी लावलीत आणि सकाळी बघता तो डिस्कवर नारिंगी गंज. वॉशिंग सेंटरला फोन लावू नका, डिस्क खराब झालेली नाही. बीड ओलं राहिलं की रात्रीत गंज धरतं. गल्लीच्या टोकापर्यंत जाताना दोन-तीनदा ब्रेक दाबलात की साफ होतं. ब्रेक वाळवायला तसेही ते दाबायचेच असतात. टायर चमकवायचं पॉलिश मात्र डिस्कवर उडू देऊ नका. चमक येईल, गाडी थांबणार नाही.

एवढं करून पुढच्या रविवारी चाकं पुन्हा काळी. इथे नवशिक्या पॅडच्या कंपनीला शिव्या देतो. पॅड कमी-जास्त काजळी टाकतात हे खरं, पण काजळी पाडणारा खरा कारखाना तुमच्या उजव्या पायात आहे. पसरणीत एखाद्या एसटीच्या मागे लागून बघा. चालक गिअर खाली टाकतो, इंजिन गुरगुरत गाडीला मागे ओढत राहतं, आणि ब्रेक दिवा लागतो तो वळणापुरता. आपण मात्र चौथ्या गिअरमध्ये, पाय ब्रेकवर ठेवूनच खाली येतो आणि वाईत शिरताना विचारतो, जळका वास कसला येतोय? ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा, हे ड्रायव्हर मंडळी कधीपासून सांगत आली आहेत. त्यांना मॅगव्हीलची काळजी नव्हती, जिवाची होती. चाकं स्वच्छ राहतात हा वरकड फायदा.

सपाटीवरही हेच. गळिताच्या हंगामात कराड-तासगाव रस्त्याला दोन ट्रॉल्या जोडलेला उसाचा ट्रॅक्टर पुढे असतो, गाणी जोरात, मागचा दिवा नाही. त्याच्या शेपटाला चिकटून दर दहा सेकंदाला ब्रेक मारलात तर सांगलीत पोचेपर्यंत चाकांवर घाट उतरल्याची कळा येते. अंतर ठेवा. ऊस काही तुमच्या आधी पळून जात नाही.

मेहुणा हल्ली माझ्या चाकांकडे वाकून बघत नाही. गेल्या महिन्यात त्यानेही मॅगव्हीलची गाडी घेतली. परवा रात्री फोन आला, "दाजी, फरशीचं ॲसिड चालतं का हो?" या धड्याची पहिली प्रत त्याला पाठवली आहे.