जाहिराती टाकू नयेत

परदेशी राहायला गेलेल्या माणसाने तेथील बँक निवडणे ही क्रिया वरकरणी आर्थिक वाटत असली, तरी तिचा विचार प्रवासवर्णनातच करावा लागतो, कारण शहरातील राजवाडे, संग्रहालये आणि मनोरे पाहण्यासाठी जेवढी पायपीट होते तिच्या दुप्पट या एका निवडीपायी होते आणि अखेरीस हाती येते ते प्लास्टिकचे एक कार्ड. प्रस्तुत लेखात ज्याच्या अनुभवांची चिकित्सा केली आहे तो प्रवासी सदाशिव पेठेतून जर्मनीतील श्टुटगार्ट शहरी नोकरीसाठी गेलेला अभियंता असून, लेखकाचा त्याच्याशी असलेला संबंध इतका निकटचा आहे की त्याच्या मूर्खपणाविषयी लिहिताना बाह्य पुराव्याची गरज भासलेली नाही. श्टुटगार्टचे स्थलवर्णन एका वाक्यात उरकता येते: टेकड्यांच्या वाटीत बसलेले शहर, मधोमध राजवाड्यापुढचे मैदान, टेकडीवर 1956 साली उभा राहिलेला दूरचित्रवाणीचा काँक्रीटचा मनोरा, आणि मुंबईशी 1968 पासून जोडलेले भगिनी-शहराचे नाते, ज्याचा बँकेत खाते उघडताना काडीचाही उपयोग होत नाही.

जर्मनीत रोजच्या व्यवहाराच्या खात्याला ‘गिरोकोंटो’ म्हणतात. ‘गिरो’ हा शब्द इटालियनमधून आला असून त्याचा अर्थ फेरा किंवा वर्तुळ असा होतो. एका खात्यातला पैसा दुसऱ्यात फिरत राहतो म्हणून हे नाव पडले, परंतु पैशाआधी खातेदारालाच किती फिरावे लागते याचा उलगडा व्युत्पत्तीतून होत नाही. नोकरी देणाऱ्याला पगार जमा करण्यासाठी खाते क्रमांक हवा असतो, बँकेला ‘आनमेल्डुंग’चा, म्हणजे राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत करावयाच्या निवासनोंदणीचा, दाखला हवा असतो, त्या नोंदणीसाठी नोव्हेंबर 2015 पासून घरमालकाचे लेखी प्रमाणपत्र सक्तीचे झाले आहे, आणि घरमालकाला सही करण्याआधी पगाराच्या पावत्या आणि ‘शूफा’चा, म्हणजे लोकांची पत नोंदवून ठेवणाऱ्या संस्थेचा, अहवाल हवा असतो, जो नव्या माणसाच्या बाबतीत कोराच निघतो, कारण त्याचे खातेच नसते. युरोपीय संघात कायदेशीररीत्या राहणाऱ्या कोणालाही, कायमचा पत्ता नसला तरी, साधे खाते मागण्याचा हक्क जर्मन कायद्याने जून 2016 पासून दिला आहे. मात्र प्रवाशाला या हक्काचा शोध खाते उघडल्यानंतर सहा महिन्यांनी लागला. कारखान्याने सुरुवातीला स्वतःच एक खोली मिळवून दिल्यामुळे त्याचे वर्तुळ एका ठिकाणी तुटले, आणि निवडीचा खरा प्रश्न उभा राहिला.

जर्मन बँकांचे तीन वर्ग पाडले जातात: खासगी बँका, ‘श्पारकासे’ म्हणजे नगरपालिका किंवा जिल्ह्याच्या आश्रयाने चालणाऱ्या बचत बँका, आणि सभासदांच्या मालकीच्या सहकारी बँका, ज्यांना ‘फोक्सबांक’ म्हणजे लोकांची बँक असे नाव असते. यांपैकी बचत बँकेचा इतिहास श्टुटगार्टपुरता तरी थक्क करणारा आहे. एप्रिल 1815 मध्ये इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला, त्याच्यामुळे पुढील वर्षी युरोपात उन्हाळाच आला नाही, पिके गेली, व्युर्टेम्बर्गच्या राज्यात माणसे उपाशी मरू लागली, आणि त्या अनुभवातून तेथील राणी काटारीना, जी रशियाच्या झारची बहीण होती, हिने 1818 साली गरिबांच्या चार पैशांसाठी बचत बँक काढली. पुढच्याच वर्षाच्या जानेवारीत, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, ती वारली. सुमात्राच्या पलीकडे डोंगर फुटतो आणि त्यामुळे श्टुटगार्टच्या कामकरणीला पासबुक मिळते, या कार्यकारणभावापुढे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने थोडा वेळ गप्प बसावे.

निवडीसाठी प्रवाशाने संगणकावर चौदा रकान्यांचा तक्ता केला. मासिक शुल्क, पैसे काढण्याच्या यंत्राचे अंतर, इंग्रजी बोलणारा कर्मचारी, ठेवींचे संरक्षण (युरोपीय नियमानुसार प्रत्येक बँकेमागे एक लाख युरोंपर्यंत) असे ते रकाने होते. श्टुटगार्टातील मराठी मंडळींचा सल्ला घेतला असता असे दिसून आले की माणूस बँकेची शिफारस दंतवैद्यासारखी करतो: आपण गेलो, जिवंत परत आलो, तेव्हा तूही तेथेच जा. केवळ मोबाइलवर चालणाऱ्या बँकेचा पर्याय प्रवाशाच्या वडिलांनी पुण्याहून फोनवरच फेटाळला. “जिला दारच नाही, तिच्या दारात जाऊन भांडणार कसा?” असा त्यांचा सवाल होता आणि चौदा रकान्यांत त्याचे उत्तर नव्हते.

वडिलांच्या मताला वजन असण्याचे कारण असे की ते पुण्यातील एका सहकारी बँकेचे चाळीस वर्षांचे सभासद होते, दरवर्षी वार्षिक सर्वसाधारण सभेला जात, ताळेबंदावर एक प्रश्न विचारत आणि सभासदांना मिळणारा स्टीलचा डबा घेऊन घरी येत. घरात तूरडाळ बँकेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात राहत असे, शेंगदाणे कुठल्याशा नव्या शाखेच्या उद्घाटनात, आणि चहाची पूड लाभांश घटल्याच्या वर्षातील लहानशा डबीत. दर महिन्याला पासबुक भरून आणण्याचे काम लहानपणी प्रवाशाकडे होते आणि त्या रांगेत उभे राहूनच आयुष्यात पुन्हा सहकारी बँकेची पायरी न चढण्याचा निश्चय त्याने केला होता. हा निश्चय त्याने जर्मन भाषेतील पाट्या नीट न वाचता पाळला. चौदा रकाने बाजूला राहून, रस्त्याच्या कोपऱ्यावरील एका शाखेत अजिबात रांग नाही एवढेच पाहून तो आत शिरला, आणि चाळीस मिनिटांत त्याचे खाते उघडले गेले. रांग नव्हती, कारण रोख रक्कम देणारी खिडकीच त्या शाखेत नव्हती, ही गोष्ट नंतर लक्षात आली. ती सहकारी बँक होती, हे त्याहून नंतर.

खाते क्रमांक, ज्याला ‘आयबान’ म्हणतात, जर्मनीत बावीस अक्षरांचा असतो. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात एकोणीस अक्षरे आणि स्रग्धरेच्या चरणात एकवीस, म्हणजे जर्मन खातेदाराला स्रग्धरेहून एक अक्षर जास्त पाठ करावे लागते आणि यतीही चार-चार अक्षरांवर येतो. प्रवाशाने तो चालीत पाठ केला, कारखान्यात म्हणून दाखवला आणि पगाराची वाट पाहू लागला.

येथून पुढील घटनाक्रम समजण्यासाठी दोन प्रथा माहीत असणे आवश्यक आहे. पहिली अशी की बँक कार्ड एका पाकिटात, त्याचा गुप्त क्रमांक दुसऱ्या पाकिटात आणि संगणकावरून खाते पाहण्याची परवलीची अक्षरे तिसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी टपालाने पाठवते, म्हणजे एखादे पाकीट चोराच्या हाती लागलेच तर त्याला उरलेल्या दोहोंसाठी ताटकळावे लागते. दुसरी अशी की पत्त्यात रस्ता आणि इमारतीचा क्रमांक असतो, परंतु घराचा क्रमांक सहसा नसतो. टपालवाला इमारतीच्या दाराशी असलेल्या पत्रपेट्यांवरची आडनावे वाचतो आणि जुळेल त्या पेटीत पत्र टाकतो. पुण्यात पत्ता हे वर्णन असते, अमुक मारुतीच्या मागे, तमुक वाड्यात, दुसरा जिना, आणि ते अपुरे पडलेच तर खाली पेपर वाचत बसलेला माणूस ते पूर्ण करतो. जर्मनीत पेटीवर नाव नसेल तर, आत माणूस राहत असला तरी, टपालाच्या लेखी तो राहत नाही.

आता प्रवाशाच्या पेटीकडे वळता येईल. श्टुटगार्टात आल्याच्या तिसऱ्या दिवशी शेजारच्या पेट्यांवर त्याला ‘कायने वेर्बुंग’ अशी चिकटपट्टी दिसली. तिचा अर्थ ‘जाहिराती टाकू नयेत’ असा होतो हे कळताच त्याच्यातील सदाशिव पेठ जागी झाली. ज्या गावी दारावरची घंटा एकदाच वाजवावी, चपला ओळीत काढाव्यात आणि पत्ता विचारू नये अशा पाट्या रंगवल्या जातात, त्या गावचा माणूस परक्या देशात आपली भाषा ऐकल्यासारखा हरखून गेला. त्याने ती पट्टी विकत आणली, फूटपट्टी टेकवून रेघ आखली, पेटीच्या बरोबर मध्यभागी चिकटवली आणि दोन पावले मागे जाऊन पाहिले. आधीच्या भाडेकरूचे नाव घरमालकाने काढून टाकले होते. आपले नाव लावायचे असते हे प्रवाशाच्या ध्यानी आले नाही. परिणामी त्या पेटीत काय टाकू नये हे संपूर्ण इमारतीत सर्वांत सुबकपणे लिहिलेले होते आणि ती कोणाची हे कोठेही लिहिलेले नव्हते.

पगार जमा झाला. तसे कारखान्याच्या पावतीवर छापलेले होते. परंतु पैसा पाहण्याची अक्षरे आली नव्हती, काढण्याचे कार्ड आले नव्हते आणि गुप्त क्रमांकाचे पाकीट ‘या पत्त्यावर असा कोणी आढळला नाही’ अशा शेऱ्यासह बँकेकडे परत गेले होते, ज्यावरून बँकेने नियमाप्रमाणे खातेदाराच्या अस्तित्वाविषयीच शंका घेऊन कार्ड गोठवले. प्रवाशाजवळ रोख तेवीस युरो होते. मोठ्या दुकानांत भारतातले कार्ड चालत होते, परंतु कोपऱ्यावरच्या बेकरीत, कपडे धुण्याच्या यंत्रात आणि केस कापणाऱ्याकडे फक्त रोकड चालत असे. ज्याने 2016 नंतरच्या भारतात वडापावचे पैसेसुद्धा फोनवरून दिले होते त्याला हे ऐकून कानांवर विश्वास बसेना. अकरा दिवस तो आईने दिलेले मेतकूट पावावर लावून खात होता. मेतकूट आणि जर्मन राईचा पाव यांचा मेळ बसत नाही. या विषयावर त्याचे मत आजही ठाम आहे.

बँकेत गेल्यावर कर्मचाऱ्याने शांतपणे पत्ता बरोबर आहे का असे विचारले. प्रवाशाने तो अक्षरशः बरोबर असल्याचे सांगितले, मजला सांगितला, जिना सांगितला, दाराचा रंग सांगितला. कर्मचाऱ्याने पुन्हा विचारले, “पेटीवर आपले नाव आहे ना?” यावर प्रवाशाने पेटीवर जे होते ते सांगितले, आणि ज्या देशात बँकेचा कर्मचारी सहसा हसत नाही असा समज आहे त्या देशात एक कर्मचारी खुर्ची मागे सरकवून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

त्या संध्याकाळी घरी परतल्यावर पेटीवर नाव होते.

तळमजल्यावर एक वृद्ध बाई राहत, ज्यांना प्रवासी मनातल्या मनात खालच्या आजी म्हणत असे आणि ज्यांच्याशी त्याचा संबंध ‘केरवोखे’पुरता होता. श्टुटगार्टच्या प्रांतात जिना झाडण्याची पाळी आठवड्याआठवड्याने घरोघर फिरते आणि ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर तशी पाटी लटकवली जाते. प्रवाशाने आपल्या पाळीला कोपरे सोडल्याचे आजींनी त्याला हातवारे करून दाखवले होते. कार्डाचे पाकीट बदली टपालवाल्याने पेट्यांच्या वर ठेवून दिले होते आणि आजींनी ते हरवू नये म्हणून घरात नेले होते. त्या पाकिटावरून त्यांनी त्याचे नाव जुन्या वळणाच्या अक्षरांत, निळ्या शाईने, एक अक्षरही न चुकवता, मधल्या, म्हणजे वडिलांच्या, नावासह, कागदाच्या पट्टीवर उतरवले, पावसाने शाई फुटू नये म्हणून वरून पारदर्शक चिकटपट्टी लावली आणि ‘जाहिराती टाकू नयेत’च्या बरोबर वर ती चिकटवली. पाकीट दारात देताना त्या काय बोलल्या ते प्रवाशाला कळले नाही. कारखान्यात, कचेरीत, विमानतळावर त्या नावाचे तोवर जे जे झाले होते ते आठवून तो पेटीपाशी बराच वेळ उभा राहिला आणि मग वर जाऊन त्याने झाडू काढला. पाळी त्याची नव्हती.

गुप्त क्रमांक नव्याने आला, कार्ड सुरू झाले, आणि त्याचबरोबर बँकेचे एक पत्रही आले, ज्यात सभासद होण्याचे निमंत्रण होते: पन्नास युरोंचा भाग घ्यावा, लाभांश मिळेल, सभेत मत देता येईल. शब्दकोश उघडून वाचताना प्रवाशाला प्रथमच कळले की आपण कोठे आलो आहोत. फोक्सबांकांची परंपरा हेर्मान शुल्झे-डेलिट्श या न्यायाधीशाने 1850 साली काढलेल्या पतसंस्थेपासून सांगितली जाते. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन या ग्रामप्रमुखाने 1846-47 च्या उपासमारीत गावकऱ्यांना पाव मिळवून देण्यापासून सुरुवात करून 1864 साली हेडेसडॉर्फ येथे शेतकऱ्यांची कर्जसंस्था उभी केली. इकडे 1875 साली पुणे जिल्ह्यातील सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली, सरकारचे धाबे दणाणले, आणि पुढे मद्रासच्या फ्रेडरिक निकल्सन या अधिकाऱ्याने युरोपातील या संस्थांचा अभ्यास करून रायफायझनचा मार्ग सुचवला, ज्यानंतर 1904 चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. थोडक्यात, पासबुकाच्या ज्या रांगेतून प्रवासी पळाला होता, पळत पळत तो तिच्या दुसऱ्या टोकाला येऊन उभा राहिला होता.

त्याने पन्नास युरो भरले. सभा संध्याकाळी एका मोठ्या सभागृहात झाली, ताळेबंद वाचला गेला, मागच्या रांगेतील एका गृहस्थांनी एक प्रश्न विचारला ज्याचा उद्देश उत्तर मिळवणे हा नव्हता, आणि नंतर बटाट्याचे सॅलड मिळाले. ही हकिकत वडिलांना फोनवर सांगितली असता ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

“डबा दिला?” त्यांनी विचारले.

“कापडी पिशवी दिली.”

“किती किलोची?”

पिशवी पुढे पुण्याला जाणाऱ्या एका सहकाऱ्याबरोबर पाठवण्यात आली. त्या वर्षीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला वडील ती खांद्याला लावून, जर्मन अक्षरे बाहेर दिसतील अशी, गेले, आणि डबा तिच्यात घालून घरी आणला.