खाऱ्या वाऱ्यातली चंदेरी

मांडवीच्या जेटीवर संध्याकाळी गाड्या लागल्या की कोल्हापूरची कोणती आणि इथली कोणती, हे ओळखायला एमएच ०९ की एमएच ०८ ते बघावं लागत नाही. चाकंच सांगतात. घाट उतरून आलेल्या गाडीच्या रिंगा अजून चंदेरी असतात. आमच्या रिंगांवर कपाबाहेर आलेल्या चहासारखे तांबूस ओघळ. या जेटीला लोक ‘गेटवे ऑफ रत्नागिरी’ म्हणतात. बोटीतून उतरणारे पाहुणे आता राहिले नाहीत. या दारातून मुख्यतः वारा येतो, आणि तो कधीही रिकाम्या हाताने येत नाही, मीठ आणतो.

सगळ्यात हाल मासळीच्या पिकअपचे. मिरकरवाड्याला क्रेट चढले की बर्फ सुटायला लागतो आणि ते खारट पाणी फाळक्यातून गळत मागच्या चाकांवर. आंब्याची गाडी त्या मानाने खानदानी. पण पेट्या घेऊन वाशीचं मार्केट गाठायचं म्हणजे कशेडीसारख्या चढउतारांवर ब्रेक तापणार, त्यांची लोखंडी पूड उडून रिंगेच्या रंगात रुतणार, आणि पहिला पाऊस पडला की तिचे नारिंगी ठिपके होणार. हापूस तिकडे विकला जातो, त्याचा रंग मात्र चाकांवर राहतो.

मग मालकाला हुक्की येते. रिंगा अगदी कंपनीतून आल्या तशा झाल्या पाहिजेत! यावर आमच्या आळीतल्या पेंटरचं उत्तर ठरलेलं आहे. “काका, कंपनी ऱ्हायली तिकडं. हितं समुद्र हाय.” त्याचं खरं आहे. कंपनीत लोखंडी रिंग रंगाच्या टाकीत बुडवून वीज सोडतात, त्यामुळे रंग भोकांच्या आतल्या कडांपर्यंत जाऊन बसतो. मग ती भट्टीत भाजून काढतात. आमच्या पेंटरकडे एक कॉम्प्रेसर, एक गन आणि लाइट जाण्याची कायमची धास्ती.

तरी त्याचं काम बघत बसावं असं असतं. गंजाला हात लावण्याआधी तो चाक साबणाने आणि भरपूर गोड्या पाण्याने धुतो. मीठ राहिलं आणि वरून रंग चढला, तर ते मीठ रंगाखाली ओल ओढत राहतं आणि थोड्याच दिवसांत फोड येतात. धुऊन वाळलं की तारेचा ब्रश, मग जाड पॉलिश पेपर, मग बारीक. बॅलन्सिंगचं वजन ठोकलेली जागा आणि भोकांच्या कडा इथे तो जास्त रेंगाळतो, कारण गंज तिथूनच आत शिरलेला असतो. खळग्यांत उरलेल्या गंजावर बाटलीतलं औषध. अशा काही औषधांत टॅनिक आम्ल असतं, आणि ते गंजाला काळं करून जागीच बसवतं. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस उकळून शाई करायचे, तिचा काळेपणाही याच टॅनिन-लोखंडाच्या सोयरिकीतून यायचा. दप्तरं टिकली, तर एखादी रिंग टिकायला हरकत नाही.

टायरवर रंग उडू नये म्हणून हवा थोडी उतरवून रिंग आणि रबर यांच्या फटीत तो जुने पत्ते खोचतो. किलवरची राणी चंदेरी झालेली मी तिथेच पाहिली. त्या कॅटने पुन्हा रमी खेळणं कठीण. कोणाकडे काय आहे ते पाठीमागूनही कळतं.

एका बाबतीत मात्र तो कडक आहे. नट जिथे बसतो ती जागा आणि रिंगेची हबला टेकणारी पाठ तो जाड रंगवू देत नाही. तिथला रंग पुढे दबतो, सुटतो आणि नट ढिले पडतात. चाक बसवल्यावर थोडी गाडी चालवून नट पुन्हा आवळून घ्यायला तो बजावून सांगतो. चकाकणारी रिंग गाडीच्या पुढे धावू लागली तर तिचं कौतुक कोण करणार?

“अलॉय घ्या, सुटलात,” असं सांगणारे शहाणेही भेटतात. ॲल्युमिनियम गंजत नाही, कबूल. पण वरच्या लॅकरला खडी लागली की त्या टोचीतून मीठ आत जातं आणि लॅकरखाली पांढऱ्या बारीक रेघा सरपटायला लागतात. दिल्लीच्या लोहस्तंभाचंही फार ऐकवतात. सोळाशे वर्षं उभा आहे, त्यातल्या फॉस्फरसने त्याला राखलं, हे सगळं मान्य. पण दिल्लीची हवा कोरडी. चार पावसाळे त्याला मांडवीत उभा करा, मग बोलू.

खरे शहाणे मासळीवाले. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नौका ओढून शाकारलेल्या, तेव्हा दोन सरींच्या मधल्या उघडिपीत पिकअपच्या रिंगाही उरकतात, त्याही नौकेच्या उरलेल्या रंगाने. त्यामुळे काही चाकं निळी, काही हिरवी. कंपनीला ती ओळखू येणार नाहीत, पण पुढचा मोसम काढतात आणि दसऱ्याला झेंडूखाली झकास दिसतात. मला विचाराल तर मांडवीत एवढंच मागावं.

तुम्ही जेटीवर आलात तर काळ्या वाळूत गाडी घालू नका. घरी गेल्यावर चाकांवर गोड्या पाण्याचा पाइप मारा, आतल्या बाजूनेही. आणि गंजावर लिंबू-मीठ चोळायला सांगणारा भेटला तर लिंबाचं सरबत करून प्या. मीठ गाडीला आधीच पुरेसं लागलेलं असेल.