माफीचे व्हिडिओ करणाऱ्यांस अनावृत पत्र

प्रति,
समस्त इन्फ्लुएन्सर मंडळी,
यूट्यूब व इन्स्टाग्राम.

विषय : क्षमायाचनेत किमान पश्चात्ताप मिसळण्याबाबत.

महोदय/महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्जदार प्रेक्षकवर्ग नमूद करू इच्छितो की, आपला माफीचा व्हिडिओ आता त्यास तोंडपाठ झाला आहे. मागे कोरी भिंत, अंगात हुडी, मेकअपला सुट्टी आणि बोलण्याआधी एक लांबलचक सुस्कारा. नेमके काय चुकले, हे शेवटपर्यंत कळत नाही. ‘कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास’ एवढ्यावर भागते.

या प्रांतातील एक मातब्बर नाव अमेरिकी यूट्यूबर लोगन पॉल. जपानच्या आओकिगाहारा जंगलात आत्महत्या केलेल्या व्यक्तीचा मृतदेह त्यांनी २०१७ च्या शेवटच्या दिवशी व्हिडिओत दाखवला. दुसऱ्याच दिवशीच्या लेखी माफीत, हे व्ह्यूजसाठी केले नाही, व्ह्यूज तर मिळतातच, असेही ठणकावले. मग कॅमेऱ्यासमोर दुसरी माफी झाली. २०१८ च्या फेब्रुवारीत एका मेलेल्या उंदराला विजेचा झटका देऊन झाला, तेव्हा यूट्यूबने त्यांच्या चॅनेलवरील जाहिराती काही काळ थांबवल्या.

यूट्यूबर कोलीन बॅलिंजर यांनी अल्पवयीन चाहत्यांशी अनुचित वागल्याच्या आरोपांना जून २०२३ मध्ये युकुलेले वाजवत, सुमारे दहा मिनिटे गाऊन उत्तर दिले. नोव्हेंबरमध्ये परतल्यावर त्या गाण्याचीच लाज वाटत असल्याचे सांगितले.

आपल्याकडे यूट्यूबर रणवीर अलाहाबादिया यांनी ‘इंडियाज गॉट लेटेंट’ या विनोदी कार्यक्रमातील आईवडिलांवरच्या शेऱ्याबद्दल १० फेब्रुवारी २०२५ रोजी माफी मागितली. समर्थन केले नाही, विनोद हा आपला प्रांत नसल्याचेही मान्य केले. या मोकळेपणाला दाद द्यायलाच हवी. फक्त तक्रारीही त्याच दिवशी पोलिसांत पोहोचल्या होत्या, म्हणून मन साशंक होते.

खरी पंचाईत सर्वोच्च न्यायालयाने केली. अपंगांची टिंगल केल्याच्या प्रकरणात समय रैना आणि इतर विनोदवीरांना ऑगस्ट २०२५ मध्ये आपापल्या चॅनेलवर बिनशर्त माफी मागायला सांगितले. नोव्हेंबरमध्ये न्यायालय पुढे गेले : दुर्धर आजाराच्या रुग्णांच्या उपचारांसाठी निधी उभारणारे कार्यक्रम महिन्यातून दोनदा करावेत. म्हणजे सॉरी म्हटल्यावर कामही आले!

सबब विनंती की, यापुढे चूक नाव घेऊन सांगावी, ज्याचे नुकसान झाले त्याला आधी गाठावे, त्या व्हिडिओच्या जाहिरातींचे पैसे त्याला द्यावेत आणि मग कॅमेरा लावावा.

आपला नम्र,
प्रेक्षकवर्ग

ता. क. : पत्र वाचून रडू आल्यास रेकॉर्डिंग बंद ठेवावे.